सकाळच्या एका आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवू नका

तुमचा बोका अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन ६.४ किलो. सात आठवड्यांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले. ग्लार्जिन इन्सुलिन दिवसातून दोनदा १ युनिट या मात्रेने सुरू झाले आणि पशुवैद्यांनी ते हळूहळू २ युनिटपर्यंत नेले. त्यानंतरही सकाळची साखर ३७२, ३९०, ३६५ अशीच येत राहिली, म्हणून तुम्ही स्वतःच आधी अडीच आणि मग ३ युनिट केले. दवाखान्यात तपासली तेव्हा ४१८ भरली. मग एके संध्याकाळी घरच्या मीटरवर अचानक ९४ दिसले, तुम्ही घाबरून इंजेक्शन टाळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ४५१ आले. आता तुम्ही विचारता की मात्रा साडेतीन करावी का, घरचा मीटर विश्वासार्ह आहे का, आणि पुन्हा असा कमी आकडा दिसला तर काय करावे.

आधी तातडीचे सांगते, कारणे नंतर. मात्रा वाढवू नका. आजच तुमच्या पशुवैद्यांना फोन करून स्पष्ट सांगा की तुम्ही मात्रा स्वतःहून ३ युनिट केली आहे आणि त्या मात्रेवर असताना ९४ हा आकडा आला. हे सांगायला अनेकांना संकोच वाटतो, मी तो समजू शकते. पण त्यांच्या नोंदीत अजून २ युनिटच लिहिलेले असेल, तर त्यांचा पुढचा प्रत्येक निर्णय चुकीच्या पायावर उभा राहील. हा बोका माझ्याकडे उपचाराला असता तर मी त्याला पशुवैद्यांनी ठरवलेल्या शेवटच्या मात्रेवर, म्हणजे २ युनिटवर परत आणले असते, आठवडाभर तिथेच ठेवले असते आणि मग दिवसभराचा आलेख काढायला सांगितले असते. मी त्याला प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांचाच राहील.

तुमची खरी अडचण माझ्या मते मात्रेची नाही, मोजण्याच्या वेळेची आहे. सकाळचे इंजेक्शन देण्याआधी तुम्ही साखर पाहता, तेव्हा रात्रीच्या इंजेक्शनला बारा तास होऊन गेलेले असतात. म्हणजे औषधाचा जोर ओसरल्यानंतरचा आकडा पाहून तुम्ही औषधाचा जोर ठरवता आहात. जोर कळतो तो दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात साखर जास्तीत जास्त किती खाली गेली यावरून. या सर्वांत खालच्या आकड्याला आम्ही नीचांक म्हणतो, आणि मांजरांत मात्रा वाढवायची की कमी करायची हे प्रामुख्याने त्याच्याकडे पाहून ठरते.

दोन बोक्यांची कल्पना करा, दोघांची सकाळची साखर जवळपास सारखी. सकाळी सातला इंजेक्शन दिल्यानंतर पहिल्याची साखर दर दोन तासांनी ३६८, ३५५, ३३०, ३१२, ३१८, ३४० आणि संध्याकाळी सातला ३६१ अशी आली. दुसऱ्याची ३७४, २६२, १४१, ६६, ९८, २३३ आणि संध्याकाळी ३५२ अशी आली. पहिल्याला इन्सुलिन खरोखर कमी पडते आहे, त्याची मात्रा अर्धा युनिट वाढवायला हरकत नाही. दुसऱ्याची मात्रा मात्र तातडीने कमी करायला हवी, कारण दुपारी एक वाजता, घरात कदाचित कोणी नसताना, तो धोक्याच्या उंबरठ्यावर उभा होता. केवळ सकाळ-संध्याकाळचे आकडे पाहणाऱ्या मालकाला हे दोन्ही बोके अगदी एकसारखे दिसतील आणि तो दोघांचीही मात्रा वाढवेल. तुमच्या ९४ या आकड्याने मला दुसऱ्या बोक्याची आठवण झाली, म्हणून मी एवढ्या ठामपणे थांबा म्हणते आहे.

साखर फार खाली गेली की शरीर स्वतःची साखर वाढवणारी संप्रेरके सोडते आणि आकडा उलट उसळी घेतो, हे तुम्ही कुठेतरी वाचले असेल. असे घडू शकते. पण ग्लार्जिनवर असलेल्या मांजरांत ही खरी उसळी क्वचितच सापडते. बहुतेक वेळा स्पष्टीकरण साधे असते: इन्सुलिनचा परिणाम बारा तास पुरला नाही, किंवा एकाच मांजराचे दोन दिवस एकमेकांसारखे नव्हते. तेच मांजर, तीच मात्रा, तेच खाणे असूनही सोमवारचा आलेख आणि गुरुवारचा आलेख वेगळे निघतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की एकाच आलेखावर मोठा निर्णय घ्यायला मी आता धजत नाही.

आलेख काढायचा म्हणजे सकाळी खाण्याआधी आणि इंजेक्शनाआधी पहिली साखर मोजायची, मग नेहमीप्रमाणे खायला घालून इंजेक्शन द्यायचे आणि पुढच्या इंजेक्शनापर्यंत दर दोन तासांनी मोजत राहायचे. आकडा १५० च्या खाली गेला तर तासातासाने मोजायचे. नीचांक साधारण ८० ते १५० च्या दरम्यान आणि दिवसातला सर्वांत वरचा आकडा ३०० च्या आत राहिला, तर बहुतेक मांजरांसाठी ते उत्तम नियंत्रण समजावे. मांजराच्या लघवीत साखर उतरायला लागते ती रक्तातली साखर साधारण २५० ते २९० च्या वर गेल्यावर. त्यामुळे दिवसाचा मोठा भाग त्या रेषेखाली गेला की अतितहान, वारंवार लघवी आणि वजन उतरणे ही लक्षणे आपोआप निवळतात. माणसाच्या मधुमेहातले लक्ष्याचे आकडे मनात धरून मांजराच्या मागे लागू नका.

मात्रा बदलल्यावर ग्लार्जिनला स्थिरावायला काही दिवस लागतात, म्हणून बदलानंतर किमान पाच ते सात दिवस थांबून मग आलेख काढावा आणि बदल एका वेळी अर्ध्या युनिटचाच असावा. याहून वेगाने मात्रा बदलण्याच्याही पद्धती आहेत आणि त्या चांगल्या चालतात. पण त्यांत दिवसातून चार-पाच वेळा, रोज, न चुकता मोजणारे माणूस घरात असावे लागते. तुमच्या घरी दिवसभर कोण असते हे तुम्ही लिहिलेले नाही. कोणी नसेल तर संथ मार्गच सुरक्षित आहे, आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

दर दोन तासांनी टोचणे ऐकायला क्रूर वाटते, म्हणून कानातून रक्त घेण्याची रीत जरा तपशिलाने सांगते. पहिला आठवडा टोचूच नका. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, बोक्याला मांडीवर किंवा टॉवेलवर घेऊन त्याचे कान बोटांत चोळा, मीटरचा आवाज ऐकू द्या आणि शेवटी आवडीचा मांसाचा लहानसा तुकडा द्या. मग मोजण्याच्या दिवशी कोमट पाण्यात पिळलेला कापसाचा बोळा लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कानाच्या कडेला अर्धा मिनिट धरा. थंड कानातून रक्त येत नाही आणि नवशिक्याचे घोडे नेमके इथेच अडते. कान उजेडाकडे धरला की कडेने जाणारी बारीक शीर दिसते. टोचायचे ते त्या शिरेत नव्हे, शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. टोचण्याआधी त्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब गोल उभा राहील. कानामागे घडी केलेला कापूस धरा, नाहीतर सुई आरपार जाऊन तुमच्या बोटात शिरेल. मीटरमध्ये पट्टी आधीच घालून ठेवा आणि पट्टीचे टोक थेंबाला नुसते टेकवा, पट्टी रक्त स्वतः ओढून घेते. नंतर कापसाने वीस-तीस सेकंद दाबून धरा, म्हणजे कान काळानिळा पडणार नाही. पहिल्या काही दिवसांत जरा जाड सुई बरी पडते. पुढे त्या जागी बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि पातळ सुईनेही काम भागते. दोनदा टोचूनही रक्त आले नाही तर त्या वेळचे मोजमाप सोडून द्या. आलेखातला एक आकडा हुकला तरी चालतो, पण बोक्याने तुमच्या हाताची भीती घेतली तर पुढचे सगळेच अवघड होते.

आता मीटर. तुमचा मीटर माणसांसाठीचा आहे असे तुमच्या वर्णनावरून दिसते. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच मोठा वाटा तांबड्या पेशींत असतो, साधारण ४२ टक्के. मांजरात तो जेमतेम ७ टक्के असतो आणि बाकीची सगळी साखर रक्तद्रवात असते. माणसांचे मीटर माणसाच्या रक्ताचे गणित गृहीत धरून आकडा दाखवतात, त्यामुळे मांजराच्या बाबतीत ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. अल्फाट्रॅकसारखे प्राण्यांसाठी बनवलेले मीटर हा फरक लक्षात घेऊन बनवलेले असतात, मात्र त्यात मांजराचा कोड लावलेला आहे ना हे तपासून घ्यावे लागते. माणसांच्या मीटरवर उपचार करता येत नाहीत असे मुळीच नाही. अनेक मांजरे त्याच्यावर नीट सांभाळली गेली आहेत. अट एवढीच की मीटर एकच ठेवावा, मध्येच बदलू नये, आणि कोणत्या मीटरचा आकडा आहे हे पशुवैद्यांना ठाऊक असावे, कारण मी वर दिलेल्या मर्यादा प्राण्यांच्या मीटरच्या किंवा प्रयोगशाळेच्या आहेत.

आणखी एक गोष्ट मालकांना कोणी सांगत नाही. माणसांच्या मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या मानकानुसारही १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य आहे. म्हणजे तुमचे ३७२, ३९० आणि ३६५ हे तीन वेगळे आकडे नाहीतच, ती एकाच साखरेची तीन वाचने असू शकतात. काल ३६५ आणि आज ३९० म्हणजे आजार वाढला, असे समजून रात्रीची झोप घालवू नका.

दवाखान्यातल्या ४१८ चेही ओझे बाळगू नका. पिंजरा, गाडी, कुत्र्यांचा वास, अनोळखी हात यांनी बिथरलेल्या मांजराची साखर चांगलीच चढते. मधुमेह नसलेल्या मांजरातही ती ३०० च्या पुढे गेलेली मी पाहिली आहे. म्हणूनच निदान पक्के करताना आम्ही फ्रुक्टोसॅमिन ही तपासणी करतो. तिच्यातून मागच्या साधारण एक ते दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि दवाखान्यातल्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. तिलाही एक मर्यादा आहे: ज्या मांजराची साखर रोज दुपारी फार खाली आणि रोज सकाळी फार वर जाते, त्याची सरासरी मधल्यामध्येच दिसू शकते. घरी मोजलेल्या आकड्यांचे मोल मला जास्त वाटते ते याच कारणाने.

९४ च्या संध्याकाळी इंजेक्शन न देण्याचा तुमचा निर्णय बरोबर होता. नीट खाणाऱ्या, कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) नसलेल्या मांजराचे एखादे इंजेक्शन चुकले तर फारसे बिघडत नाही. आधीच खाली आलेल्या साखरेवर पूर्ण मात्रा दिली तर जीवावर बेतू शकते. दुसऱ्या दिवशीचे ४५१ हे टाळलेल्या इंजेक्शनाचे अपेक्षित फळ होते, त्यावरून मात्रा वाढवायचे काहीच कारण नाही. नव्याने शिकणाऱ्यांना मी असा नियम देते: इंजेक्शनाच्या वेळी साखर २०० च्या खाली असेल तर लगेच खायला घालू नका, वीस-तीस मिनिटांनी पुन्हा मोजा, आकडा वर सरकून २०० पार गेला तर इंजेक्शन द्या, नाही गेला तर खायला घालून पशुवैद्यांना फोन करा आणि फोन लागला नाही तर त्या वेळचे इंजेक्शन सोडा. हे थांबणे फक्त अंगात काहीही लक्षण नसलेल्या मांजरासाठी आहे. आकडा ७० च्या आसपास किंवा खाली असेल, किंवा मांजर जरा जरी डगमगत असेल, तर ताबडतोब खायला द्या. तुमच्याजवळ दोन-तीन महिन्यांच्या नोंदी जमल्या की हीच रेषा २०० वरून खाली आणता येते. ज्या मांजराला पूर्वी कीटोनचा त्रास झाला आहे, त्याची लागोपाठ दोन इंजेक्शने मात्र सल्ल्याशिवाय चुकवू नयेत.

साखर धोकादायक पातळीला उतरल्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत: अचानक प्रचंड भूक किंवा उलट कोपऱ्यात दडून बसणे, मागचे पाय लटपटणे, बाहुल्या विस्फारणे, अंग थरथरणे, हाकेला प्रतिसाद न देणे, शेवटी झटके. मांजर शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर आधी खायला द्या आणि हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने चोळा. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. हिरडीवर थोडेसे चोळा, दातांपासून बोट जपा आणि लगेच दवाखान्याकडे निघा. मधाने मांजर पंधरा मिनिटांत उठून बसले तरी दवाखान्याला फोन केल्याखेरीज निश्चिंत होऊ नका, कारण मधाचा परिणाम लवकर सरतो आणि इन्सुलिनचा परिणाम पुढे कित्येक तास चालू राहतो.

समजा, आलेख काढल्यावर तुमचा बोका पहिल्या प्रकारचा निघाला, नीचांकच ३०० च्या वर राहिला. तरीही मात्रा वाढवण्यापूर्वी इन्सुलिन त्याच्या अंगात खरोखर पोहोचते आहे का, हे पाहायचे असते. माझ्याकडे एक मांजरी आली होती, तीन आठवडे इन्सुलिन घेऊनही साखर तसूभर हललेली नव्हती. मालकीणबाई अत्यंत काटेकोर, वही घेऊन आलेल्या. मी त्यांना माझ्यासमोर इंजेक्शन भरायला सांगितले आणि उत्तर हातात आले. इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट शक्तीचे होते आणि सिरिंज १०० च्या शक्तीसाठी आखलेली होती. त्या दोन रेघा मोजून भरत होत्या, पण मांजरीला मिळत होते जेमतेम ०.८ युनिट. चूक त्यांची नव्हती. सिरिंज देताना कोणी हा फरक समजावलाच नव्हता. उलटी चूक याहून भयंकर असते, कारण १०० च्या शक्तीचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले तर मात्रा अडीचपट होते. तुमचे ग्लार्जिन १०० चे असणार, पण कुपीवरचा आकडा स्वतः वाचा, कारण ग्लार्जिन ३०० च्या शक्तीतही मिळते. सिरिंज १०० चीच, ०.३ मिलिलिटरची आणि अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली घ्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक मालकाला माझ्यासमोर इंजेक्शन भरायला लावते, मग तो कितीही अनुभवी असो.

इंजेक्शनाची जागाही पाहा. मानेमागची सैल कातडी सोयीची असली तरी तिथून इन्सुलिन सारखे शोषले जाईलच असे नाही. मी कुशीच्या किंवा पोटाच्या बाजूची कातडी सुचवते आणि बाजू रोज बदलायला सांगते. सुई काढल्यावर तिथले केस ओले लागले किंवा औषधाचा वास आला, तर औषध केसांतच सांडले असे समजा आणि त्या वेळी दुसऱ्यांदा इंजेक्शन देऊ नका, कारण किती आत गेले हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले किंवा त्यात कण दिसले तर कुपी बदला, आणि ते पातळ करू नका किंवा दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नका.

एवढे सगळे नीट असूनही साखर हटत नसेल तर शरीरात इन्सुलिनच्या आड काहीतरी येते आहे. मी सर्वांत आधी तोंड उघडून दात आणि हिरड्या पाहते, मग लघवीचा जंतुसंसर्ग तपासते, आणि मग मागच्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टिरॉइडचे लांब टिकणारे इंजेक्शन दिले होते का, हे विचारते. हे शेवटचे मालकांच्या लक्षातही नसते. कानात किंवा डोळ्यांत घालायच्या थेंबांतही स्टिरॉइड असू शकते. स्वादुपिंडाची सूज आणि थायरॉइडचा अतिस्राव हीही कारणे म्हाताऱ्या मांजरांत सापडतात. साखर आवाक्यात नसतानाही वजन वाढत असेल, चेहरा रुंद आणि पंजे मोठे वाटू लागले असतील, तर वाढीचे संप्रेरक जास्त स्रवण्याचा आजार, म्हणजे ॲक्रोमेगॅली, तपासावाच. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक मधुमेही मांजरांच्या पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मांजरांत हा आजार असावा असा अंदाज निघाला, त्यामुळे तो दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. एका वेळची मात्रा किलोमागे दीड युनिटच्या पुढे जाऊ लागली की या सगळ्याचा शोध घेणे भाग असते. तुमचा बोका त्या आकड्यापासून खूप दूर आहे, म्हणून आत्ता त्या दिशेने पळू नका.

आहाराबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण त्याने मात्रेचे गणितच बदलते. मांजर मूळचे मांसाहारी, त्याच्या यकृताची पिष्टमय पदार्थ हाताळण्याची ताकद मर्यादित असते. जास्त प्रथिनांचे आणि एकूण उष्मांकांपैकी साधारण १२ टक्क्यांहून कमी उष्मांक कर्बोदकांतून देणारे ओले खाद्य बहुतेक मधुमेही मांजरांना मानवते, मात्र मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल तर आधी विचारून घ्या. कोरड्या खाद्यावरून ओल्यावर आणताना इन्सुलिनची गरज काही दिवसांतच झपाट्याने उतरू शकते. त्या काळात रोज मोजा आणि मात्रा आधीच थोडी कमी करावी का हे पशुवैद्यांशी बोला. कोणास ठाऊक, तुमचा तो ९४ असाच एखाद्या खाद्यबदलानंतर आला असेल, जरा आठवून पाहा. वजन कमी करायचे झाले तर आठवड्याला अर्धा ते एक टक्का एवढेच. लठ्ठ मांजर उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून वेगळेच संकट उभे राहते. तो खात नसेल, ओकत असेल, मलूल पडला असेल तर साखर कितीही असो, त्याच दिवशी कीटोन तपासून घ्या.

टोचणे अगदीच जमत नसेल तर त्वचेवर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर हा चांगला पर्याय आहे. फ्रीस्टाइल लिब्रेचा सेन्सर माणसात साधारण दोन आठवडे चालतो; मांजरांवर तो बऱ्याचदा त्याआधीच सुटतो, पण तेवढ्या दिवसांतही रात्रीची साखर प्रथमच नजरेला पडते. तो रक्तातली नव्हे, ऊतींमधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना थोडा मागे राहतो; फार कमी आकडा दाखवला तर कानाच्या रक्तावर पडताळा, आणि मांजर डगमगत असेल तर पडताळ्यासाठी न थांबता खायला द्या. तोंडाने द्यायच्या नव्या औषधांबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन यांना मांजरांसाठी मान्यता मिळाली, पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, अन्यथा धडधाकट मांजरांसाठी आहेत, आणि त्यांच्यावर साखर फारशी न वाढताही कीटोन वाढू शकतात. इन्सुलिनवर असलेल्या तुमच्या बोक्याला ती मनाने सुरू करू नका.

मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून चालतो, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. तो मज्जातंतूंवर झालेला मधुमेहाचा परिणाम आहे. साखर आवाक्यात आल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत ही चाल पुष्कळ मांजरांत सुधारते, त्यामुळे त्याला उडी मारावी लागणार नाही अशी झोपायची जागा सध्या करून द्या आणि महिन्यातून एकदा तो चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. पाणी किती प्यायला हे मापी भांड्याने रोज आणि वजन आठवड्यातून एकदा लिहा. या तीन नोंदी मला कित्येकदा आलेखाइतक्याच उपयोगी पडतात. तुम्ही म्हणता तसे पाणी पिणे खरोखर कमी झाले असेल, तर उपचार तुम्हाला वाटतो तितका फसलेला नाही.

अजून एका शक्यतेसाठी तयार राहा. मांजरांचा मधुमेह बहुधा माणसाच्या टाइप २ सारखा असतो, आणि सतत चढलेली साखर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना आणखी दडपून टाकते. तो ताण काही आठवडे उतरला की काही मांजरांत त्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि इन्सुलिन थांबवता येते. निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत साखर नीट आवाक्यात आली तर ही शक्यता जास्त असते, आणि तुम्ही अजून सातव्याच आठवड्यात आहात. इंजेक्शनाआधीचा आकडा कारण नसताना पुन्हा पुन्हा २०० च्या खाली येऊ लागला, तर पेशी जाग्या होत असल्याचा तो पहिला इशारा असू शकतो. तेव्हा इन्सुलिन एकदम बंद करायचे नसते, पाव किंवा अर्ध्या युनिटने उतरवत आणायचे असते, आणि बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा कान टोचून पाहायचे असते, कारण तो आजार काही मांजरांत पुन्हा परत येतो.

म्हणून मात्रा पशुवैद्यांशी बोलून ठरली की तिच्यावर सात दिवस जाऊ द्या आणि आठव्या दिवशी, सुट्टी असेल असा दिवस निवडून, सकाळी खाण्याआधीच्या आकड्यापासून आलेख सुरू करा. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ, त्याने केव्हा आणि काय खाल्ले, इंजेक्शन कोणत्या बाजूला दिले आणि केस ओले लागले का, हे लिहा. तो कागद, कुपी, एक कोरी सिरिंज आणि तुमचा मीटर असे चारही पशुवैद्यांकडे घेऊन जा आणि त्यांच्यासमोर एकदा इंजेक्शन भरून दाखवा.